पहिल्या मिशन ट्रिपची तयारी: घरातल्या दिव्यांग सदस्यासाठी आणि घरच्यांसाठीही

घरातल्या दिव्यांग माणसाने “मला मिशन ट्रिपला (म्हणजे चर्चच्या टीमबरोबर दुसऱ्या गावी किंवा देशात सेवेला) जायचंय” असं जाहीर केलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो संडासाचा. तिथे कमोड असेल का, उचलून कोण घेईल, रात्री हाक मारली तर कोण उठेल? प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरंही पुढे येतील. पण सुरुवात तिथून केली की सगळी तयारी ‘याला सांभाळायचं कसं’ याच खुंटीला टांगली जाते. मग सेवेला निघालेला माणूस टीमसाठी जोखमीचं सामान होऊन बसतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी काम, मग सोयी. काम नक्की झालं की खरोखर कोणत्या सोयी लागतील हेही कळतं. ज्याला दिवसभर एका खोलीत बसून आरोग्य शिबिराची नोंदणी करायची आहे, त्याच्यासाठी डोंगरवाटेची काळजी करत बसायचं कारण नाही.

पुढे मी ‘जाणारा’ असं लिहिलंय. ते मुलगा, मुलगी, बाई, आजोबा, सगळ्यांसाठी धरा. परदेश दौरा असेल तर निघण्याच्या सहा महिने आधी हात घाला. देशातल्या देशात असेल तर तीन महिने पुरतात.

काम ठरवा, नाव देऊन ठरवा

जाणारा आणि टीम लीडर यांनी समोरासमोर बसून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा नेमकं काय करणार? “त्याला बघून लोकांना प्रेरणा मिळेल” हे उत्तर चालणार नाही. ते काम नव्हे, ती प्रदर्शनात मांडायची वस्तू झाली. “प्रार्थना करेल” हेही अपुरं आहे, कारण प्रार्थना तर सगळेच करणार.

काम म्हणजे नोंदणीच्या टेबलावर नावं लिहिणं, मुलांना चित्रांवरून गोष्ट सांगणं, की-बोर्ड वाजवणं, साऊंड सांभाळणं, रोजचा हिशेब ठेवणं, घरभेटीला गेल्यावर आजारी माणसाजवळ निवांत बसून ऐकणं. बौद्धिक अपंगत्व असेल तर काम छोट्या कृतींत तोडा. “मुलांच्या कार्यक्रमात मदत” असं म्हटलं तर डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. “दारात उभं राहून प्रत्येक मुलाच्या हातावर शिक्का मारायचा आणि नाव विचारायचं” हे उभं राहतं, घरी सरावही करता येतो. एक मुख्य काम आणि अंग दुखेल किंवा थकवा येईल त्या दिवसासाठी एक बसून करायचं काम, अशी दोन ठरवा. टीमच्या तक्त्यात इतरांच्या नावांसोबत तीही लिहून घ्या.

काम आवाक्यातलं नसेल तर मन मोठं करून बदलायचं. पंडिता रमाबाईंना इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाची इच्छा सोडावी लागली, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. पुढे त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं.

टीम लीडरशी बैठक

या बैठकीत पहिल्यांदा जाणाऱ्याने बोलायचं. बोलायला त्रास होत असेल, वेळ लागत असेल, तरी वाट पाहायची. आईवडिलांना हे फार जड जातं. मुलाचं वाक्य पुरं करायची सवय वीस-वीस वर्षांची असते. पण टीमला त्याच्याशी बोलायची सवय तुमच्यादेखतच लागायला हवी.

तीन गोष्टी त्याच दिवशी नक्की करा.

मदतनीस कोण? “बघू, देव मार्ग काढेल” असं उत्तर आलं तर आमेन म्हणा आणि लगेच विचारा की सकाळी सहाला अंघोळीला मदत करायला कोण येणार. नाव मिळालं पाहिजे. एक नाव पुरत नाही, कारण मदतनीसही आजारी पडतो. दोन किंवा तीन जण हवेत. अंगाला हात लावायची मदत असेल तर जाणारा ज्याला हो म्हणेल तोच, शक्यतो त्याच लिंगाचा. जाणारा अल्पवयीन असेल किंवा आपल्यावर काही बेतलं तर सांगू शकत नसेल, तर मदतनिसांची पार्श्वभूमी तपासण्याचा मंडळीचा (चर्चचा) किंवा संस्थेचा नियम काय आहे, हे स्पष्ट विचारा. ओळखीचा आहे, मंडळीतलाच आहे, एवढ्यावर थांबू नका.

घरचं कुणी बरोबर जाणार का? माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रिपला आईने जाऊ नये. आई असली की टीम मागे सरते आणि सगळी मदत आपोआप तिच्याकडे जाते. भाऊ, बहीण, मावशी चालेल. मदतीची गरजच इतकी मोठी असेल की घरचंच माणूस हवं, तर त्याचं नाव टीमच्या यादीत ‘मदतनीस’ म्हणून टाका आणि रोज त्याला मोकळे असे काही तास लिहून ठेवा. ते तास दुसऱ्या कुणीतरी उचलायचे.

मदतनिसाचं तिकीट कुणाच्या खात्यावर? हा प्रश्न विचारायला सगळे संकोचतात आणि मग तो निघण्याच्या आठवड्यात उपटतो. पूर्ण टीमच्या खर्चात तो धरावा असं मला वाटतं, कारण जसा दुभाषा टीमचा असतो तसाच मदतनीसही. जे ठरेल ते लेखी असू द्या.

परदेश असेल तर व्हिसाचा प्रकारही इथेच विचारून घ्या. पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर धार्मिक किंवा स्वयंसेवी काम करता येत नाही.

मदतीचा कागद

एका पानावर, जाणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत, ‘मी’ वापरून. त्याला लिहिता येत नसेल तर तो सांगेल आणि तुम्ही उतरवून घ्याल. तुमच्या मनचं घालायचं नाही. साधारण असा:

“माझी खुर्ची मला विचारल्याशिवाय ढकलू नका. उतारावर खुर्ची उलटी फिरवा, म्हणजे मी मागे तोंड करून उतरेन आणि पुढे घसरणार नाही. उचलायची वेळ आलीच तर दोघांनी उचला, आकडे मी मोजेन आणि तीन म्हटल्यावर उचला. खुर्चीच्या हातांना धरून उचलू नका, ते निघून येतात. मला पायांत जाणीव नाही, म्हणून गरम पाण्याची बादली, गाडीचं इंजिन, उन्हात तापलेली सीट यांच्यापासून माझे पाय तुम्ही बघायचे.”

शेवटच्या वाक्यासारखी वाक्यं सर्वांत मोलाची असतात, कारण ती घरच्यांना इतकी सवयीची झालेली असतात की सांगायचं सुचतच नाही. हा कागद करताना दिवसभर तुम्ही न बोलता काय काय करता ते एकदा टिपून घ्या.

फिट येत असेल तर लिहा: घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत बोलवा. ऐकू येत नसेल तर: माझ्याशी बोलताना उजेडाकडे तोंड करा, दुभाष्याकडे न बघता माझ्याकडे बघा. दिसत नसेल तर: माझा हात धरून ओढू नका, मी तुमच्या कोपराला धरेन, खोलीतून जाताना ‘जातोय’ म्हणून सांगा. ऑटिझम असेल तर: मी कान झाकून पुढेमागे डोलायला लागलो की आवाजातून बाहेर न्या, त्या वेळी प्रश्न विचारू नका.

दुसरा एक वेगळा कागद फक्त मदतनीस आणि लीडरसाठी. कॅथेटर (लघवीची नळी), डायपर, पाळी, मानसिक त्रास, औषधं या गोष्टी त्यात. हा कागद टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

यजमानांना काय विचारायचं

“तुमच्याकडे अपंगांसाठी सोय आहे का?” असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणार. यजमान मनापासून बोलतात. त्यांच्या मते दारात चार पायऱ्या म्हणजे काहीच नाही, चार पोरं मिळून उचलतील. म्हणून मतं विचारू नका, मापं मागा. राहण्याच्या खोलीचं दार, संडासाचं दार आणि कार्यक्रमाच्या जागेचं दार, तिन्हींवर मोजपट्टी धरून काढलेले फोटो मागवा. तुमच्या खुर्चीची रुंदी आधी मोजून ठेवा. चाकाच्या रिमसकट मोजायची, हाताची बोटं अडकणार नाहीत एवढी जागा वर धरायची.

पायऱ्या किती आणि प्रत्येकीची उंची किती? उताराच्या फळीचं (रॅम्पचं) सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीची फळी लागते. पायऱ्या चार असतील तर फळीचा नाद सोडा आणि दुसरी खोली मागा.

संडास जमिनीलगतचा असेल तर घडीची कमोड खुर्ची बरोबर न्यायची का, हे आता ठरेल. पलंगाची उंची खुर्चीच्या सीटएवढी असेल तर जाणारा स्वतः सरकू शकतो. पलंग दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असेल तर उतरेल, पण सकाळी वर यायला माणूस लागेल. वीज दिवसातून किती तास असते? श्वासाचं यंत्र, बॅटरीची खुर्ची, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध, सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. व्होल्टेजही विचारा. काही देशांत ११० ते १२० व्होल्ट असतात, काही ठिकाणी २२० ते २४०, आणि चार्जरवर छापलेला आकडा दोन्ही सांगत नसेल तर नुसता प्लगचा अडॅप्टर लावून तो चालत नाही किंवा जळतो.

जाणारा खुणांच्या भाषेत बोलणारा असेल तर तिथली खुणांची भाषा वेगळी असणार हे गृहीत धरा. बोली इंग्रजी एकच असूनही अमेरिकन आणि ब्रिटिश खुणांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. तिथे कर्णबधिर लोकांची मंडळी किंवा शाळा असेल तर आधी ओळख करून द्या. अनेकदा त्या भेटीतूनच टीमला ट्रिपचं सगळ्यात भरीव काम सापडतं.

डॉक्टर आणि औषधं

निघण्याच्या किमान दीड-दोन महिने आधी प्रवासाची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. ही यादी महत्त्वाची का, तर मलेरिया टाळायच्या गोळ्यांपैकी मेफ्लोक्विन आणि क्लोरोक्विन फिट येणाऱ्यांना सहसा देत नाहीत. डॉक्सीसायक्लिन चालतं, पण फिटसाठीच्या कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनमुळे त्याचा असर कमी होतो. टीममधल्या सगळ्यांना एकच गोळी वाटायची पद्धत असेल तर जाणाऱ्याने ती निमूटपणे घेऊ नये.

पिवळ्या तापाची लस काही देशांत बंधनकारक आहे. ती जिवंत विषाणूची लस आहे. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर ती टाळून सवलतीचं पत्र देऊ शकतात. ते पत्र त्या देशाला चालतं का हे आधी विचारावं लागतं. लस घेतली तर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या पत्रासह. पत्रात ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. लागतील त्याच्या दुप्पट घ्या आणि दोन केबिन बॅगांत विभागा, एक जाणाऱ्याची, एक मदतनिसाची. चेक-इनच्या बॅगेत काही टाकू नका. बॅग हरवली आणि बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) अचानक बंद झालं तर झटके येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. इन्शुलिन तर विमानाच्या पोटात गोठण्याची भीती असते. झोपेची, तीव्र वेदनेची आणि एकाग्रतेची औषधं प्रत्येक देशात चालतीलच असं नाही. जपानमध्ये ॲम्फेटामाइन असलेली औषधं प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाहीत. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाकडून लेखी विचारा.

घड्याळ बदलणार असेल तर गोळ्यांच्या वेळांचा तक्ता डॉक्टरांकडूनच करून घ्या. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, पश्चिमेकडे मोठा. फिटच्या औषधांत एक डोस चुकणं महागात पडतं आणि झोपमोड त्यात भर घालते. आल्याआल्या त्याच संध्याकाळी सभा ठेवलेली असेल तर जाणाऱ्याला त्यातून सूट मिळावी.

मणक्याच्या दुखापतीत छातीच्या मध्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, अडकलेलं कॅथेटर किंवा घट्ट पट्टा एवढ्या कारणाने रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं फुटेल असं दुखणं आणि चेहरा लाल होणं ही त्याची खूण. मदतनिसाला हे ओळखता आलं पाहिजे: सरळ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी पिळली आहे का बघा, आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. अशा माणसाला घामही नीट येत नाही, त्यामुळे उकाड्यात पाण्याची फवारणी आणि सावली या गरजा आहेत, लाड नव्हेत.

विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारावरची अट, रुग्णाला विमानाने परत आणण्याचा खर्च आणि खुर्चीची मोडतोड, या तिन्ही गोष्टी पॉलिसीत आहेत का ते वाचा.

विमान

तिकीट काढतानाच विमान कंपनीला फोन करून मदतीची नोंद करा. निदान ४८ तास आधी ती हवीच. तिथे संकेत वापरतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकतो पण लांब चालू शकत नाही; डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, विमानात सीटपर्यंत चालतो; डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. बौद्धिक अपंगत्वासाठी डीपीएनए. चुकीचा संकेत पडला तर विमानाच्या दारात सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची नसते आणि वाद घालायला तीच सर्वांत वाईट जागा. मधला थांबा असेल तर निदान अडीच-तीन तासांचा ठेवा. मदत लागणारे प्रवासी शेवटी उतरतात.

बॅटरीच्या खुर्चीची माहिती लेखी द्या: वजन, मापं, बॅटरीचा प्रकार. लिथियम बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर ती काढून, टोकांना टेप लावून केबिनमध्ये न्यावी लागते. मर्यादा एका बॅटरीला ३०० वॅट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर: २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४०. विमान कंपनीची मंजुरी छापून जवळ ठेवा, कारण सुरक्षा तपासणीवाल्याला तुमचा फोनवरचा संवाद माहीत नसतो.

खुर्ची ताब्यात देण्याची पाच मिनिटं घाईत घालवू नका. शक्यतो विमानाच्या दारापर्यंत स्वतःच्याच खुर्चीतून जा. तिथे गादी काढून हातात घ्या; ती सीटवर ठेवून त्यावरच बसायचं, नाहीतर लांबच्या प्रवासात बेडसोअर (सतत दाबामुळे होणारी जखम) होतो. जॉयस्टिक, पाय ठेवायच्या पट्ट्या, बाजूचे गार्ड, जे जे सुटं होतं ते काढून पिशवीत. उरलेल्या सांगाड्यावर जाड टेपने कागद लावा: कुठे धरून उचलायचं, काय ओढायचं नाही, ब्रेक कसा सोडायचा. शब्दांपेक्षा बाणांचं चित्र चांगलं. चारही बाजूंनी फोटो काढा. मोडली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार द्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे सामान खराब झाल्याची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते आणि भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळ मानाने दोन हजार अमेरिकी डॉलर आहे. बॅटरीची खुर्ची त्याहून पुष्कळ महाग असते. म्हणून चेक-इनच्या वेळी जास्त किमतीचं विशेष घोषणापत्र भरता येतं का ते विचारा, नाहीतर वेगळा विमा काढा.

एक सवय मोडा: विमानात संडासाला जावं लागू नये म्हणून आदल्या दिवसापासून पाणी बंद करणं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा मूत्रपिशवी, डायपर, विमानातली अरुंद खुर्ची, यातलं काय वापरायचं ते आधीच ठरवा.

न दिसणारं अपंगत्व असेल तर सूर्यफुलांचा हिरवा पट्टा चौकशी करून घ्या; तो गळ्यात असला की या प्रवाशाला मदत लागू शकते हे कर्मचाऱ्यांना कळतं. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही पद्धत आता अनेक विमानतळांवर ओळखली जाते.

तालीम

कागद कितीही चांगला असला तरी हातांना सवय वेगळी लागते. आधी मदतनिसांनी तुमच्या घरी येऊन एक पूर्ण सकाळ करायची: उठवणं, अंघोळ, कपडे, गोळ्या. तुम्ही बाजूला उभे राहा आणि मदतनीस चुकला तर त्याला जाणाऱ्याने सांगायचं. मग त्याच लोकांबरोबर घराबाहेर एक रात्र. मग दोन रात्री, अनोळखी ठिकाणी, घरचं कुणी नाही. शेवटच्या तालमीत मुद्दाम एक गोष्ट बिघडवा: लाइट बंद करा, किंवा गाडी दोन तास उशिरा येऊ द्या. ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असेल तर हे फारच उपयोगी, कारण मिशन ट्रिपचं वेळापत्रक पाळलं जात नाही हाच तिचा नियम. रोजचा चित्रांचा तक्ता करा आणि त्यात ‘बदल’ असं एक रिकामं कार्डही ठेवा. घरी असताना अधूनमधून ते लावून दाखवा, म्हणजे तिथे ते दिसलं की ओळखीचं वाटेल.

तालमीत काही जमलं नाही तर ट्रिप रद्द करायची घाई नको. तारीख पुढे जाऊ शकते, काम बदलू शकतं, जवळचा दौरा निवडता येतो.

“तुझ्यासाठी प्रार्थना करू का?”

या प्रसंगाची तयारी बहुतेक टीम करत नाहीत आणि जाणाऱ्याला सर्वांत जास्त दुखवतो तो हाच. सभा संपली, टाळ्या थांबल्या, आणि कुणीतरी पुढे येऊन न विचारता डोक्यावर हात ठेवतं. दुसरा गुडघ्यांवर ठेवतो. भोवती दहा जण. मोठ्याने प्रार्थना, आणि शेवटी “ऊठ, विश्वास ठेव”. मग सगळे वाट बघतात. खुर्चीतला माणूस उठत नाही. त्या क्षणी अपयश कुणाच्या पदरात टाकलं जातं हे सांगायला नको. कधी त्याहून थेट प्रश्न येतो: कुणाच्या पापामुळे असं झालं? बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि याने नाही, याच्या आईबापानेही नाही, असं येशूने तिथल्या तिथे सांगितलं.

जाणाऱ्याला काय हवं ते त्यानेच ठरवायचं. काहींना अशी प्रार्थना मनापासून हवी असते, काहींना मुळीच नको असते, बहुतेकांचं त्या त्या दिवसावर अवलंबून असतं. तीन वाक्यं घरी मोठ्याने बोलून तयार ठेवा. “हो, करा, पण हात खांद्यावर ठेवा.” “आज नको, त्यापेक्षा माझ्या टीमसाठी प्रार्थना करा.” “आधी मी तुमच्यासाठी करू का?” तिसरं वाक्य मला फार आवडतं, ते म्हटलं की सेवा देणारा कोण आणि घेणारा कोण हा हिशेबच बदलतो. बोलता येत नसेल तर ही वाक्यं कार्डावर लिहा, तिथल्या भाषेतही. दुभाष्याला आधी दाखवून ठेवा, नाहीतर तो भिडेखातर ‘नको’चं ‘हो’ करून टाकतो. आणि टीम लीडरने पुढे होऊन गर्दी पांगवायची एक खूण ठरवून घ्या, जाणाऱ्याने चष्मा काढला की, असं काहीतरी.

साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सभेत सांगायची, वेळ येईल. अपघात कसा झाला, जन्म कसा झाला, हे सांगायचं की नाही हे त्याच्यावर. दिव्यांग माणसाने मंचावर यावं आणि आपल्या दुःखाची कथा सांगावी, अशी अपेक्षा सगळीकडेच असते. त्याला मुलांबरोबरच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर तीच साक्ष. फोटोंचंही तसंच: देणगीच्या पत्रकावर जाणाऱ्याचा फोटो छापण्याआधी कोणता, कुठे आणि खाली काय लिहून, ते त्याला दाखवा.

त्या गावातही दिव्यांग माणसं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. ती सभेला येत नाहीत, मागच्या खोलीत असतात. तुमचा माणूस आलाय हे कळल्यावर त्यांचे घरचे त्यांना बाहेर आणतील किंवा त्याला घरी बोलावतील, आणि उपचार, शाळा, खुर्ची अशा प्रश्नांचा भडिमार करतील. जाणाऱ्याने कसलंही आश्वासन देऊ नये. स्वतःची जुनी खुर्ची देऊन टाकायचा मोह होतो, पण मापाची नसलेली खुर्ची पाठ वाकवते आणि जखमा करते. स्थानिक मंडळीला तिथल्या जवळच्या पुनर्वसन केंद्राचा पत्ता आधीच शोधायला सांगा, म्हणजे हातात द्यायला काहीतरी खरं असेल.

तुम्ही घरी असताना

फोनची वेळ एक, दिवसातून एकदा, आणि फोन जाणाऱ्याला करायचा. मदतनिसाला वेगळा फोन करून “जेवला का, रडला का” विचारत बसू नका. लीडरला अडचण असेल तर तो कळवेल, तसं ठरलेलं असेलच. कुठल्या प्रसंगी तुम्हाला रात्री-बेरात्री उठवायचं त्याची छोटी यादी द्या. त्यापलीकडचं त्यांना निस्तरू द्या.

परतल्यावर

दोन दिवसांत अंगाची नीट तपासणी: टाचा, कंबर, माकडहाड, कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) किंवा कृत्रिम पाय टेकतो ती जागा. लालसर डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. खुर्चीची बेअरिंग, टायर, ब्रेक तपासून घ्या. वाळू आणि धूळ आत बसलेली असते. श्रवणयंत्र दमटपणाने बिघडतं, तेही सर्व्हिसला द्या. मलेरियाच्या भागातून आलेल्या माणसाला पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा.

मंडळीत अहवाल द्यायचा असेल तर काय झालं हे मदतनिसाला न विचारता जाणाऱ्यालाच विचारा. आणि आठवण ताजी आहे तोवर मदतीचा कागद दोघांनी मिळून काढा. ज्या ओळी उपयोगी पडल्या नाहीत त्या खोडा, ज्या तिथे सुचल्या त्या घाला, कोणता मदतनीस पुन्हा चालेल आणि कोणता नको तेही जाणाऱ्याला मोकळेपणाने सांगू द्या. पुढच्या दौऱ्याचे अर्ज कधी निघतात ते लीडरला आत्ताच विचारून ठेवा.